तामड्याचा खडा कुणी खणला?

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात रविवारचा वर्ग सुरू असताना एका मुलाने मोबाईल पुढे केला. व्हॉट्सअॅपवर फिरणारा एक व्हिडिओ होता. इंग्लंडमधल्या एका जुन्या राजाच्या थडग्यात सापडलेले सोन्याचे दागिने, त्यात बसवलेले लालभडक खडे, पाठीमागे शंखनाद, आणि शेवटी दवंडी अशी की हे खडे भारतातून गेले. गोरे लोक जंगलात राहत होते तेव्हा आपले पूर्वज जगाला रत्ने पुरवत होते. मुलाने विचारले, "हे खरं आहे का?"

वर्गात आम्ही त्याला अर्धेच उत्तर दिले, कारण घरी जायची वेळ झाली होती. उरलेले इथे देतो. खडे भारतातून गेले ही गोष्ट बऱ्याच अंशी खरी आहे. 'आपले पूर्वज' या दोन शब्दांत मात्र मोठी लबाडी आहे, आणि ती लबाडी आमच्या पोरांच्या मोबाईलमध्ये रोज सकाळी 'सुप्रभात'च्या फुलांबरोबर येते म्हणून तिचा समाचार घेणे भाग आहे.

आधी वस्तुस्थिती. इंग्लंडच्या पूर्वेला सफोक परगण्यात सटन हू नावाची जागा आहे. नदीकाठच्या टेकाडावर मातीचे जुने उंचवटे होते आणि जमीन एडिथ प्रिटी या विधवा बाईंच्या मालकीची होती. १९३९ साली त्यातला सर्वांत मोठा उंचवटा खणला तेव्हा आत सुमारे २७ मीटर लांबीच्या जहाजाचा ठसा निघाला. लाकूड कधीच कुजून गेले होते, पण वाळूत लोखंडी खिळ्यांच्या रांगा जागच्या जागी होत्या. जहाजाच्या मधोमध सातव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका राजाबरोबर पुरलेले सामान होते. इ. स. ६२४ च्या सुमारास वारलेला पूर्व अँग्लियाचा राजा रेडवाल्ड तो हाच, असे बरेच अभ्यासक मानतात. सुमारे ४१३ ग्रॅम वजनाचे सोन्याचे बक्कल, खांद्यावर वस्त्र अडकवायच्या सोन्याच्या दोन जोडपट्ट्या, कमरेच्या थैलीचे झाकण, तलवारीच्या मुठीचे सोने, आणि थैलीत ३७ सोन्याची नाणी. या एका दफनातल्या दागिन्यांत मिळून चार हजारांहून जास्त लाल खडे आहेत. आज हे सगळे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

तो लाल खडा म्हणजे गार्नेट. आपल्याकडचे जवाहिरे त्याला तामडा म्हणतात. माणकाच्या तुलनेत स्वस्त, पण रंग असा की दिव्यापुढे धरला तर रक्त पेटल्यासारखा दिसतो. सटन हूच्या सोनाराने या खड्यांचे पातळ काप केले, कित्येक काप एक मिलिमीटरच्या आसपासच्या जाडीचे. सोन्याच्या पातळ पट्ट्या उभ्या लावून त्याने नक्षीचे बारीक कप्पे केले आणि प्रत्येक कप्प्यात मापाचा काप बसवला. कापाच्या मागे सोन्याचा वर्ख घातला आणि त्या वर्खावर आधी ठशाने बारीक जाळी उठवली, म्हणजे खड्यातून आत गेलेला उजेड जाळीवर तुटून परत यावा आणि दागिना आतून पेटलेला दिसावा. हे सगळे भिंगाशिवाय केलेले काम आहे. ज्याने केले त्याचे डोळे चाळिशीपर्यंत तरी टिकले असतील का, असे ते फोटो मोठे करून बघताना आमच्या मनात आले.

ही कारागिरी तिकडच्या सोनारांची. तिच्यातले सोने बरेचसे बायझंटाईन आणि फ्रँक नाणी वितळवून आलेले. व्हिडिओवाल्याने तेही आपल्या खात्यावर जमा करून टाकले आहे! पण खड्यांचे तसे नाही. फ्रान्समधल्या प्रयोगशाळेत पाचव्या ते सातव्या शतकातल्या फ्रँक दफनांतील तामड्यांची रासायनिक तपासणी झाली, तेव्हा त्यांतले बरेच खडे भारत आणि श्रीलंकेकडचे निघाले. सातव्या शतकात हा पुरवठा आटला आणि बोहेमियाचे, म्हणजे आजच्या चेक देशातले, बारीक खडे वापरात आले. सहाव्या शतकातला कॉस्मस नावाचा ग्रीक व्यापारी दक्षिण भारतातल्या एका बंदरातून हा खडा निर्यात होतो असे लिहून गेला आहे. तेलंगणात खम्ममजवळ एक टेकडी आहे. तिथले तामडे त्याही आधी पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडूला मणी घडवायला जात होते, हे अलीकडच्या तपासणीतून पुढे आले. त्या टेकडीच्या गावाचे नाव गरीबपेट. नाव वाचून आम्ही जरा थांबलो.

तर खडे गेले. आता प्रश्न असा की जमिनीतून ते काढले कुणी? नदीच्या पात्रात वाकून वाळू कुणी चाळली, टेकडीचा खडक कुणी फोडला, बंदरापर्यंत ओझी कुणी वाहिली? व्हिडिओत त्याच्यावर अर्धे वाक्य नाही. भारतातल्या त्या काळच्या ग्रंथांतही नाही. लिहिण्याचा अधिकार ज्यांनी आपल्यापुरता राखून ठेवला होता त्यांना खडक फोडणाऱ्याचे नाव लिहून ठेवण्याची गरज वाटली नाही. पण कुणी काय घालायचे नाही, हे मात्र त्यांनी अगदी बारकाईने लिहून ठेवले.

मनुस्मृतीचा दहावा अध्याय उघडा. ५१ आणि ५२ व्या श्लोकांत चांडाळांची राहणी ठरवून दिलेली आहे. राहायचे गावाबाहेर, कपडे मेलेल्यांच्या अंगावरचे, जेवायचे फुटक्या भांड्यात, आणि दागिने लोखंडाचे. त्याच अध्यायात पुढे १२९ व्या श्लोकात शूद्राने ऐपत असली तरी धन साठवू नये असे सांगितले आहे, कारण त्याच्या धनाचा ब्राह्मणाला त्रास होतो. ज्या देशाच्या मातीतून निघालेला खडा समुद्रापलीकडच्या राजाच्या खांद्यावर चमकला, त्या देशाच्या कायद्याने त्या मातीत राबणाऱ्या मोठ्या लोकसंख्येला दागिना म्हणून लोखंड नेमून दिले होते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हा ग्रंथ जाळला गेला तो काही उगाच नाही.

"तो नुसता ग्रंथ होता, प्रत्यक्षात तसे कुणी वागत नव्हते," असे सांगणारे विद्वान आम्हाला नेहमी भेटतात. त्यांच्यासाठी दोन परदेशी साक्षीदार. चिनी भिक्षू फाहियान पाचव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात फिरला. चांडाळ गावाबाहेर राहतात, आणि नगरात किंवा बाजारात शिरताना लाकूड वाजवत येतात म्हणजे लोकांना त्यांना टाळता यावे, असे त्याने नोंदवले. दुसरा ह्युएन त्संग. रेडवाल्ड राजा पुरला गेल्यानंतर अवघ्या काही वर्षांनी तो चीनमधून निघाला. खाटीक, कोळी, फाशी देणारे, मैला उचलणारे यांची घरे नगराबाहेर असतात आणि त्यांच्यावर खूण केलेली असते, असे तो सांगतो. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात बाबासाहेबांनी सगळे पुरावे तपासून अस्पृश्यतेचा जन्म इ. स. ४०० च्या सुमारास झाला असा निष्कर्ष काढला.

आता या तारखा एकमेकींशेजारी ठेवा. आम्ही त्या वर्गातल्या फळ्यावर ठेवल्या होत्या. युरोपातल्या राजांच्या अंगावर भारतीय तामडे भरभरून दिसतात तो काळ साधारण इ. स. ४५० ते ६००. आमच्या पूर्वजांना गावाबाहेर लोटले गेले, त्यांच्या सावलीचा विटाळ पक्का झाला, तोही हाच काळ. ज्या दोन-तीन शतकांचा हिशेब व्हिडिओवाला 'सुवर्णयुग' म्हणून मांडतो, त्याच शतकांत आमच्या हातात लाकडाचा ठोकळा आला. मग 'आपले पूर्वज' म्हणजे नेमके कुणाचे? ठोकळा वाजवणाऱ्याचे की कानोसा घेऊन बाजूला सरकणाऱ्याचे? व्हिडिओ बनवणाऱ्याने एकदा ठरवून सांगावे.

आणि ही गोष्ट केवळ खाणीत उतरणाऱ्यांची नाही. ज्याच्या हातून सोने देवाच्या अंगावर जाते त्या सोनारालाही या व्यवस्थेने सोडले नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायातला २९२ वा श्लोक लबाडी करणाऱ्या सोनाराला सर्वांत मोठा कंटक ठरवतो आणि राजाने वस्तऱ्याने त्याचे तुकडे करावेत असे सांगतो. चौथ्या अध्यायातला २१८ वा श्लोक म्हणतो की सोनाराचे अन्न खाल्ले तर आयुष्य घटते. म्हणजे सोने पवित्र, सोनार अपवित्र. मूर्ती त्याने घडवायची, पण त्याच्या घरचा घास चालत नाही. पेशवाईत हे कुठवर गेले त्याची नोंद बाबासाहेबांनी आपल्या लेखनात ठेवली आहे. मुंबईच्या सोनारांनी 'नमस्कार' म्हणून अभिवादन करायला सुरुवात केली, तर पेशव्यांनी ईस्ट इंडिया कंपनीकडे धरणे धरले आणि १७७९ साली कंपनीच्या मुंबई सरकारने सोनारांना 'नमस्कार' म्हणायला बंदी करणारा हुकूम काढला. नुसता नमस्कार! आज सोनार समाजातले काही बंधू आरक्षणाच्या विरोधातल्या मोर्च्यात आमच्यासमोर उभे राहतात. त्यांना आम्ही १७७९ ची आठवण करून देतो, रागाने नाही.

या अंधारात एक वेगळे दृश्यही आहे, आणि ते मुंबईतच आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरीची लेणी. इसवी सनाच्या पहिल्या दोन-तीन शतकांतल्या ब्राह्मी लेखांत तिथे दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यात राजघराण्यातली माणसे आणि श्रेष्ठी आहेत, तसा सोपाऱ्याचा मणिकार नागपालित आहे. मणिकार म्हणजे मणी-रत्ने घडवणारा, तामड्यासारखे खडे हाताळणारा माणूस. कल्याणचा सोनार सामिदत आहे, त्याने भिक्षूंसाठी पाण्याची पोढी दिली. कल्याणचाच एक लोहार आहे, नाव नद, त्याने वाट करून दिली. कान्हेरीची वाट चढताना आमच्या पायाखाली त्याचेच दान असेल काय, हा विचार आम्हाला दरवेळी येतो. सांचीच्या दक्षिण तोरणावरही विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी आपले काम असल्याचे कोरून ठेवले आहे. संघाच्या दगडावर कारागिराला नाव आणि गाव आहे, धंदा सांगायला लाज नाही. स्मृतीच्या पानावर त्याच कारागिरासाठी वस्तरा आहे. भारतातली दागिन्यांची परंपरा म्हणून कुणाला अभिमान मिरवायचा असेल तर यांपैकी कोणती परंपरा ते आधी ठरवावे लागेल, दोन्ही एकदम खिशात घालता येणार नाहीत.

"तुम्ही प्रत्येक गोष्टीत जात आणता," हा आक्षेप येणारच. दागिन्यात जात आम्ही आणली नाही. इंदूर जिल्ह्यातल्या बलाई समाजाला सवर्ण हिंदूंनी जे नियम घालून दिले ते १९२८ च्या जानेवारीत 'टाइम्स ऑफ इंडिया'त छापून आले आणि बाबासाहेबांनी ते 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दिले आहेत. बलाई बायकांनी सोन्या-चांदीचे दागिने घालायचे नाहीत, हा त्यातला एक. ज्या बलाईंनी हे मानायला नकार दिला त्यांना गावाच्या विहिरीचे पाणी तोडले, गुरे चारू दिली नाहीत. दक्षिणेत रामनाडमध्ये १९३० साली कल्लरांनी आदि-द्रविडांवर बंदीहुकूम लादले, त्यातही पहिलाच नियम सोन्या-चांदीच्या दागिन्यांचा. मनूच्या लोखंडापासून रामनाडपर्यंत दीड हजार वर्षांहून जास्त अंतर आहे. कायदा तोच.

महाडला त्याच १९२७ च्या डिसेंबरात बाबासाहेब बायकांशी वेगळे बोलले. गळ्यात आणि हातात घातलेले जड चांदी-कथलाचे दागिने ही अस्पृश्य म्हणून ओळखण्याची खूण आहे, ती उतरवा, घालायचाच तर सोन्याचा दागिना घाला, असा त्यांचा सांगावा होता. त्या बायकांनी लुगडे नेसण्याची पद्धत तिथल्या तिथे बदलली. आमच्यातल्या एकीच्या पणजीने उतरवलेल्या वाक्या घरात अजून आहेत, एका जुन्या डब्यात. वजनाला इतक्या जड की लहान पोराच्या हातून उचलत नाहीत. कुठल्याही म्युझियमने त्या मागितलेल्या नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक चलाख आहे. "इंग्रज तरी कुठे न्यायी होते? त्यांच्या राजाच्या थडग्यातला सोनारही निनावीच आहे ना?" आहे, आणि आम्ही ते झाकत नाही. त्या काळच्या अँग्लो-सॅक्सन समाजात गुलाम होते आणि माणसाच्या जिवाची किंमत त्याच्या दर्जावर ठरायची. २००९ साली स्टॅफर्डशायरमध्ये शेतात सापडलेला साठा बघा. सुमारे ४ किलो सोने, साडेचार हजारांहून जास्त तुकडे, तामड्यांनी मढवलेल्या तलवारींच्या मुठी उचकटून काढलेल्या. जवळपास सगळे लढाईचे सामान, बायकांचा दागिना म्हणावा असे काही नाही. ही लूट असावी. राजेशाहीचे सोने कुठलेही असो, त्याला कुणाच्या तरी घामाचा आणि रक्ताचा वास असतोच. केंटच्या राजा एथेलबर्टच्या सुमारे इ. स. ६०० च्या कायद्यात राजाचा लोहार मारला तर भरपाई किती ते ठरवलेले आहे. तो समतेचा कायदा नव्हे. पण त्याच्या घरी जेवल्याने आयुष्य घटते असे त्यात लिहिलेले नाही.

सटन हूचा उंचवटा खणायला सुरुवात केली ती बेसिल ब्राऊन या माणसाने. शेतकऱ्याचा मुलगा, बाराव्या वर्षी शाळा सुटलेली, शेतात राबलेला. खगोल, लॅटिन, माती वाचणे सगळे स्वतःच्या हिमतीवर शिकलेला. त्याला प्रिटीबाईंनी आठवड्याच्या मजुरीवर ठेवले आणि मदतीला घरचा माळी व रानाचा राखणदार दिला. वाळूतला पहिला खिळा हाती आल्यावर हे जहाज आहे हे ओळखून, एकही खिळा न हलवता त्याने तो ठसा मोकळा केला. मग बातमी फुटली, केंब्रिजचे लोक आले, आणि ब्राऊनला बाजूला सारून सोन्याची कोठडी त्यांनी उघडली. पुढे कित्येक वर्षे म्युझियमच्या मांडणीत त्याचे नाव नव्हते. हा तिकडचा जातिभेद नव्हे, वर्गभेद. पण आमच्या लोकांना तो समजावून सांगावा लागत नाही. पदवी नसलेल्याने शोधायचे आणि पदवीवाल्याने मिरवायचे, हे आम्ही इथल्या विद्यापीठांत रोज बघतो.

फरक पुढे आहे. तिकडे लोकांनी प्रश्न विचारला, लेखन झाले, आणि आज ब्रिटिश म्युझियमच्या दालनात ब्राऊनचे नाव आहे. आपल्याकडच्या संग्रहालयांत मध्ययुगीन दागिन्याखालची चिठ्ठी वाचा. धातू, शतक, राजवंश, बहुधा देवाचे नाव. ज्या जातींच्या हातांनी धातू खणला, गाळला, घडवला त्यांच्यावर एक ओळ नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्याला 'सोनार जातीला आणि खाणमजुरांना त्या काळच्या धर्मशास्त्रात काय स्थान होते' एवढे लिहायला कोणता खर्च येतो? आमची मागणी एवढीच आहे, आणि ती आम्ही लेखी देणार आहोत. पाठ्यपुस्तक मंडळालाही देणार आहोत, कारण सोन्याचा धूर निघणारा देश आमच्या मुलांना चौथीपासून शिकवला जातो आणि लोखंडाच्या दागिन्याचा श्लोक मात्र एम. ए. ला गेल्यावर कळतो, तोही स्वतः शोधला तर.

राजाच्या दागिन्याचा अभिमान ही वस्तू कुणाच्या कामी येते, याचे एक जुने उदाहरण सांगून थांबतो. १६५३ साली आजच्या बेल्जियममधल्या तूर्ने गावात एका गवंड्याच्या कुदळीखाली फ्रँक राजा चिल्डेरिकची कबर उघडली. गवंडी मुका-बहिरा होता असे सांगतात. त्यात तामडे जडवलेल्या सोन्याच्या सुमारे तीनशे माश्या निघाल्या. १८०४ मध्ये नेपोलियनला सम्राट व्हायचे होते आणि वंशाचा जुनेपणा हवा होता, तेव्हा त्याने त्या माश्या आपल्या राज्याभिषेकाच्या झग्यावर चिन्ह म्हणून घेतल्या. १८३१ मध्ये मूळ माश्या पॅरिसच्या ग्रंथालयातून चोरीला गेल्या, बहुतेक वितळवल्या गेल्या, आणि आज दोन-चार उरल्या आहेत. नव्या सत्तेला जुन्या सोन्याची झालर लागते. आमच्या मोबाईलमध्ये शंखनादासह येणारी झालर तीच आहे, फक्त ती विकत घ्यायला पैसे पडत नाहीत.

त्या मुलाला आम्ही सांगितले आहे की व्हिडिओ पाठवणाऱ्याला एकच प्रश्न परत पाठव: तामडा खणणाऱ्याला तुमच्या ग्रंथाने कोणता दागिना दिला होता? अजून उत्तर आलेले नाही. येत्या रविवारी वर्ग विहारात नाही, कान्हेरीला आहे. सकाळी साडेसात वाजता बोरिवली स्टेशनला पूर्वेला जमायचे, वही-पेन आणि पाण्याची बाटली आणायची. नागपालित, सामिदत आणि नद यांची नावे मुलांनी ब्राह्मीत लिहून घ्यायची आहेत, त्यासाठी अक्षरांचा तक्ता आम्ही आणू.

जय भीम!